पोती आणि नावं

आगरवाड्याच्या मीठ सोसायटीसाठी लिहिलेला
माझा पहिला प्रोग्रॅम म्हणजे एक यादी.
चाळीस नावं, चाळीस आकडे,
जास्त पोती वर, कमी खाली.
सी नुकतीच शिकत होतो. पेडण्याहून बस चुकली
की चालत यायचो, तोंडात सेमीकोलन घोळवत.

दोन ॲरे केले, एकात नावं, दुसऱ्यात पोती,
आणि आकडे लावले उतरत्या क्रमानं.
फक्त आकडे.
नावं होती तिथंच बसून राहिली
बांधावरच्या बगळ्यांसारखी,
खालचं पाणी तेवढं बदललं.

सकाळी फळ्यावर कागद.
सुभद्रा मिठगावडे,
बांध फुटून जिचं अर्धं मिठागर भरतीनं नेलं,
दोनशे बारा पोत्यांसकट सगळ्यांच्या वर.
आबलो, ज्याच्या घरची तीन माणसं
फावडं खाली ठेवत नाहीत, त्याच्यापुढे एकोणीस.
आबलो ओरडला. सुभद्रा नाही.
तिनं नातवाकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली,
दुपारी येऊन तिसऱ्यांदा.
दिवेलागणीला माझ्या टेबलाशी म्हणाली,
‘हें म्हजें न्हय, बाबा.
पूण आयचो दीस आसूं दी.’

असू दिलं.

जिवा मापारी वजनकाटा झाकता झाकता म्हणाला,
‘पाटी उचलताना बूड धरतात रे.
नुसतं मीठ उचललंस, तर
ते कुणाचं, हे पाटीशीच राहिलं.’

मग स्ट्रक्ट.
महिरपी कंसात नाव आणि पोती शेजारी बसवली,
आता एक हललं की दुसरं हलणारच.
क्यूसॉर्टला चारच गोष्टी लागतात:
रांग कुठून सुरू, पाट्या किती, एक पाटी केवढी,
आणि दोघांत पुढं कोण, ते सांगणारं कुणीतरी.
ते कुणीतरी मी लिहिलं, पाच ओळींचं.
त्याच्यापुढे दोन पत्ते येतात, व्हॉइड,
तोंडावर पदर घेतलेले;
पदर आपणच बाजूला करायचा, पोती मोजायची,
उणे म्हणायचं, किंवा अधिक.

किंवा शून्य.
पुंडलिक सत्त्याऐंशी, येसू सत्त्याऐंशी.
शून्य आलं की पुढं कोण, याचं वचन
सी देत नाही.
एका यादीत येसू वर आली, दुसरीत पुंडलिक,
आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

जिवाची चोपडी मात्र उघडून बघितली.
तिथं माणसं पोत्यांनी लागलेली नव्हती,
काट्यावर ज्या क्रमानं आली त्या क्रमानं होती.
दर पानावर पुंडलिक, आणि लगेच खाली येसू.
मिठाच्या चकाकीनं त्याचे डोळे अधू झालेले.
तो बांधावरून पुढं चालायचा,
मागून ती सांगायची, डावीकडे, आता सरळ.
नवरा-बायको नव्हेत. शेजारीसुद्धा नव्हेत.
हे माझ्या यादीत कुठंच उरत नव्हतं.

स्ट्रक्टमध्ये तिसरा रकाना वाढवला:
चोपडीतली ओळ कितवी.
पोती सारखी निघाली, तर ती विचार.

यंदा वही आली तीत अकरा नावं आहेत.
प्रोग्रॅम तोच, तक्रार न करता चालतो.
वर ॲरेच्या चौकोनी कंसात
अजून चाळीसच लिहिलंय,
माझ्याच्यानं खोडवत नाही.