पेव

हरिपुरात पेव उघडलं की
लगेच कुणी उतरत नाही.
तोंडावरची माती खरवडायची, पाचट ओढून काढायचं
आणि बाजूला बसून तंबाखू मळायची.
आत कोंडलेली हवा हळदीसारखीच पिवळी असेल
असं मला लहानपणी वाटायचं.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर थांबायचं. तास, दोन तास, दिवसही.
आमचे बाबा, शांतवन हमाल, मागं ठेवून गेले
ते एवढंच वाक्य:
दिव्याच्या आधी माणूस नाही.

त्या दिवशी ते सांगलीला, पेठेत.
दोरी माझ्या हातात. मी अकरा वर्षांची.
नथूनं विचारलं, अक्का, पेटलाय का?
खाली काहीतरी चमकलं.
काच असेल. वात नव्हती.
मी म्हणाले, उतर.

त्याला वर काढला. वाचला तो.
पुण्यात असतो, दोन मुली आहेत, पोट सुटलंय.
पण तो शब्द माझ्यापाशीच राहिला
छत्तीस वर्षं.
भाकरी थापताना, गोदामात पोती मोजताना.
दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिलं नाही,
तेव्हा तर तो पाट मांडून समोरच बसला:
तुझ्या हातात कुणाचा जीव द्यावा देवानं, सांग?

प्रार्थना केली नाही असं नाही.
पाळकबाई हात धरून म्हणाल्या, ओझं टाकून दे.
मी टाकायचे.
घरी येईपर्यंत ते माझ्या आधी पोचून
कुलूप काढून बसलेलं.
उपासनेत उभी राहून मी
खिडकीच्या काचेवरचे चुन्याचे डाग मोजलेत, प्रभू,
तू पाहिलंस,
आणि तरी पुढच्या रविवारी माझी जागा धरून ठेवलीस,
डावीकडचा तिसरा बाक, एक पाय आखूड असलेला.

मग वैशाखातली एक रात्र, वीज गेलेली.
गुडघे टेकले नाहीत, दुखतात.
अंथरुणावरच म्हणाले,
आज मी उतरणार नाही त्या शब्दात.
तोंडाशी बसते. दिवा तू सोड.

विझला.
दुसऱ्या रात्रीही.
शास्त्रातलं एक वचन आठवेना धड,
नुसतं झाकण उघडं ठेवून बसायचं,
वारा संगमावरून येतो तसा येऊ द्यायचा.
किती रात्री, मोजल्या नाहीत.
मोजायची सवय असून.

आणि एकदा विझला नाही.
तळ दिसला. ओल धरलेल्या भिंती दिसल्या.
कडेला उकिडवी बसलेली एक पोर,
एक रिबीन सुटलेली, हाताला दोरीचे वळ.
अकरा वर्षांची!
मी तिला इतकी वर्षं
माझ्या वयाची धरून बोलत होते.

सकाळी नथूला फोन लावला.
आधी हवापाणी, मुलींची परीक्षा, मग विचारलं.
तो म्हणाला, उतर म्हणालीस? असेल.
मला आठवतं ते वर येतानाचं.
कुणीतरी रडत मोठमोठ्यानं
प्रभूची प्रार्थना म्हणत होतं,
आणि तीही चुकीची, भाकरीची ओळ सगळ्यांत आधी.
तूच ना ती?

मी फोन धरून उभी.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली.
मीच.
म्हणजे तेही माझ्याच तोंडून निघालेलं,
त्या एका शब्दाखाली गाडलेलं,
आणि तुला मात्र ऐकू गेलं होतं.

तो अजून येतो. काल आला, दूध उतू जाताना.
मी म्हटलं, थांब जरा.
आधी दिवा जाऊ दे.

रविवारी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात
तेव्हा मी आता भाकरीच्या ओळीपासूनच सुरू करते.
शेजारची तबिथामावशी कोपरानं ढोसते,
चुकलीस गं.
ढोसू दे.