विसण

तू विचारलंस म्हणून सांगतो, शुन्ता.
ट्रक आता तुझा, रस्ता तुझा,
तर झरेही तुलाच ठाऊक असायला हवेत.

पाटीवर तीन नागमोडी वाफा दिसल्या
की पाय आपोआप ब्रेकवर जाईल. जाऊ दे.
मागे सफरचंदं असतील तर तासाभराने काही बिघडत नाही.
मासळी असेल तर मात्र नको.
मी एकदा थांबलो होतो. साकाताच्या व्यापाऱ्याने
पेटी उघडली, माझ्याकडे पाहिलं,
आणि झाकण परत लावलं.
बोलला असता तर बरं झालं असतं.

कुसात्सूचं नाव मोठं, पाणीही मोठ्या रागाचं,
पण तिथे हल्ली पाण्यापेक्षा माणसं जास्त.
बेप्पू फार लांब. लग्नानंतर एकदाच गेलो.
तिथे गटारातूनसुद्धा वाफ येते,
फुमिए म्हणाली, यांना चूल कशाला हवी,
आणि माझ्या नव्या टॉवेलात बांधून तिने
सहा अंडी वाफवून घेतली.
महिनाभर मी तोंड पुसलं ते गंधकाने.

समुद्राच्या कडेला एक आहे,
गंजाच्या रंगाचं, लाट थेट काठावर येऊन फुटते.
पांढरा पंचा नेऊ नकोस.
डोंगरातलं ते दुधी पाणी जानेवारीत बघ,
मानेखाली उन्हाळा, आणि भुवयांवर बर्फ.

पण माझं आवडतं यातलं कुठलंच नाही.

तोचिनोसावाला पूल ओलांडलास की
टोफूवाल्याच्या मागे एक लाकडी खोपटं आहे.
पाटी नाही. दोनशे येन डब्यात टाकायचे.
डब्यावर कुणाचं लक्ष नसतं,
म्हणून सगळे टाकतात.
आत एकच झरा, मध्ये फळ्यांची भिंत.
पाणी आधी बायकांकडे पडतं,
मग भिंतीखालून आपल्याकडे येतं.
कढत. आधणच म्हण.
गावातले म्हातारे त्यात गळ्यापर्यंत बसतात
आणि कोण आधी उठतो ते बघत राहतात.

फुमिएला कढत सोसायचं नाही.
ती गुपचूप नळ सोडायची.
मला इथे पायाच्या अंगठ्याला
दोऱ्याएवढा गारवा लागायचा,
आणि समजायचं, उतरली.
‘पलीकडे कुणीतरी विसण घातलंय!’
म्हातारे ओरडायचे.
मी छताकडे बघत बसायचो.
निघताना मी बादली दगडावर दोनदा आपटायची,
तिने एकदा.
एकतीस वर्षं हेच. घरी आम्ही
याहून फार काही बोलत होतो असं नाही.

ती गेल्यावर तिथलं पाणी
जसं असायला हवं तसं झालं.
कुणाची तक्रार नाही.
मी सगळ्यांत शेवटी उठायला लागलो.
जिंकलो म्हणायचं.

यंदा फेब्रुवारीत, बर्फाने घाट बंद होता त्या रात्री,
अंगठ्याला गार लागलं.
म्हातारे ओरडले. मी म्हणालो, असू दे.
आवाज जरा मोठा निघाला असावा,
सगळे गप्प झाले.
मग हात आपला आपण गेला
आणि बादली दोनदा वाजली.

पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज थांबला.
‘थांबा हो जरा, केस धुवायचेत अजून.’
कुणाची तरी बायको. कुणाला तरी म्हणाली.

मी थांबलो.
बाहेरच्या बाकावर, दुधाची बाटली घेऊन,
केस वाळायलाही लागतो तेवढा वेळ.
दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या, मागून एक शाळकरी पोरगी.
त्यातली कोण ते विचारलं नाही.
बाटली डब्याशेजारी ठेवून निघालो.

तर तोचिनोसावा. पुलापाशी ट्रक लावायला जागा आहे.
आधी अंग स्वच्छ धुऊन मग उतरायचं.
आणि कधी तुझ्यासोबत कुणी आलीच
तर तिला सांगून ठेव,
पलीकडे, डाव्या हाताला, नळ आहे.
घट्ट आहे. दोन्ही हातांनी फिरवावा लागतो.