गावपण, दोन दशांश स्थळांपर्यंत

सात रस्त्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
मी गावं मोजते.
डोकी कधीच मोजून झाली.
माझ्याकडे येतं ते उरलेलं:
गाव किती गाव आहे.

शून्य म्हणजे शहर. एक म्हणजे
हाक मारली की ओढ्यापलीकडून कुणीतरी ओ देतं.
(हे मार्गदर्शिकेत नाही, माझं आहे.)

या आठवड्यात हणमगट्टी.
वस्ती पाच हजार एकशे बारा. शहर.
चौरस किलोमीटरला माणसं चारशे सहा. काठावर, पण शहर.
राहिला तिसरा निकष:
कामावरच्या शंभर पुरुषांत
पंच्याहत्तर शेतीबाहेरचे हवेत.
पुरुष, असंच लिहिलंय.
हणमगट्टीत भरतात
चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ.

साहेब म्हणाले, पंच्याहत्तरच धरा की.
मी हिशेब मांडला, तीन माणसं कमी पडत होती.
तीन माणसं कशी धरायची?

म्हणून एसटीने गेले.
हातात रेवणसिद्ध गुरुजींनी काढलेला नजरी नकाशा,
चिंच म्हणजे गोल, टॉवर म्हणजे त्रिकोण,
आणि एका बाणावर बारीक अक्षरात:
इथून पुढे कुत्रं आहे.

घर क्रमांक एकशे अठरा. चंद्रशा म्हेत्रे.
रात्री अक्कलकोट रोडला यंत्रमागावर,
कानात अजून खटखट, म्हणून जरा मोठ्यानं बोलतात.
दिवसा दीड एकर तुरीत.
कागदावर फक्त: शेती.

असं का सांगितलंत गुरुजींना?

"मग काय सांगू बाई?
माग मालकाचा हाय.
तूर माझी हाय की."

ओसरीवर महानंदा
पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीनं कापत होत्या,
न बघता. सुपात विड्यांची थप्पी.
दिवसाला हजार, वीस वर्षं.
शेतात कधी गेल्या नाहीत, उन्हानं चक्कर येते म्हणे.
त्या घरात शहर असलंच
तर त्या सुपात होतं.

"आणि माझं काय लिवलंय?"
लिहिलंय, म्हटलं. घरगुती उद्योग.
"मग झालं की तुमचं शहर."

मी चहा प्यायले.
तिसरा निकष त्यांना कसा वाचून दाखवणार?

परतीची गाडी साडेपाचला.
शेजारी बसलेली पोरगी कुणाला तरी फोनवर सांगत होती,
सोलापुरात चाललेय, उद्या येते.
आणि मी, राहणार जुळे सोलापूर,
नव्या पेठेत जायचं झालं की
दाराला कडी लावताना आजही म्हणते,
जरा गावात जाऊन येते.

सोमवारी आकडा भरला: शून्य पूर्णांक एकेचाळीस.
चंद्रशांची नोंद तशीच ठेवली.
शेऱ्याच्या जागेत लिहिलं, तूर.
साहेबांनी विचारलं, हे काय?
पीक, म्हटलं.