हा आपला नव्हे

तीन हिवाळे गेले या नळीपायी.
वुब्बोच्या गोठ्यात आता गायी नाहीत.
दुधाच्या रिकाम्या किटल्या आहेत, आम्ही तिघं आहोत
आणि भिंतीवर खडूनं काढलेली तोफ,
जिची लांबी दर शनिवारी बदलते.

वुब्बो म्हणतो, नळी दोन हात पुरे.
हार्म म्हणतो, अडीच. हार्म जन्मभर
ड्रेंथच्या कालव्यावरचा पूल उघडत-मिटत आला.
त्याला वाटतं, सावकाश उचललं
तर काहीही उचललं जातं.
मी डेअरीत हिशेब लिहायचे. वही माझ्याकडे.

पहिली अडचण चेंडूचीच निघाली.
टेनिसचे चेंडू, एकाच डब्यातले, सख्खे भाऊ,
तरी एक नळीत अडून बसे रुसलेल्या जावयासारखा,
दुसरा खडखडत घरंगळे, कडेनं हवा निसटे
अन् तोफेच्या तोंडून नुसतं
म्हाताऱ्याच्या झोपेतलं फुस्स.
मग हार्मनं बायकोचा लोकरी मोजा आणला.
ती जाऊन पाच वर्षं झाली. जोडीतला दुसरा कुठंय,
आम्ही विचारलं नाही.
चेंडूमागं मोजा. बसला. चपखल.

जानेवारीतली सकाळ, शेतं गोठून टणक.
पंपानं हवा भरली, काटा थरथरला.
वुब्बोनं टोपी काढली, का कोण जाणे.
मी झडप ओढली.

ठप्प.
धुक्याला एक भोक पडलं, बुजलं.
तीन हिवाळे, आणि पापणी लवते न लवते तोच
बघायला काही उरलंच नाही.
मोजा तेवढा दहा पावलांवर पडलेला.
हार्मनं उचलला, झटकला, खिशात घातला.

फीत धरून आम्ही खुळ्यासारखे उभे.
कुठवर मोजायचं?
कुत्री मात्र केव्हाच पळालेली,
कालव्याच्या काठानं, पॉप्लरच्या रांगेपलीकडे.
थर्मासातली कॉफी संपली, तेव्हा परतली,
चिखलानं माखून, तोंडात चेंडू.

करडा. शेवाळलेला. एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेला.
हा आपला नव्हे, वुब्बो म्हणाला.
कोणाचा मग? तिकडं घर नाही, पोरंबाळं नाहीत,
नुसती बटाट्याची शेतं.
कोणी फेकला असेल, कुठल्या उन्हाळ्यात,
किती वेळ शोधून घरी गेलं असेल.

वहीत एक रकाना आहे: अंतर.
मी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, थांबले.
हार्म म्हणाला, लिही,
अडीच हातच हवी होती.