रिकाम्या गाडीचं वजन

दुपारी तीन बाविसला लाईन गेली.
काट्यावर कापसाचा मेटॅडोर,
पडद्यावर एकतीस क्विंटल चाळीस,
आणि मग पडदाच काळा.
जिनिंगचे रोलर थांबले की इतकं सामसूम होतं,
पत्र्यावरून सुटलेलं रुईचं रुवंही ऐकू यावं.

जुनं मशीन सकाळपासूनचं सगळं विसरलं असतं,
मी वहीतून टायपत बसले असते रात्री नऊपर्यंत.
ह्या नव्याची मेमरी अंधारात विसरत नाही,
असं सांगून गेला अकोल्याचा खंडारे.
स्क्रू आवळता आवळता म्हणाला,
"न विसरणं सोपं हाय, ताई.
अर्धं लक्षात न ठेवणं, थे कठीण."
आणि म्हणाला, पडद्यावरचा आकडा
तळहातावर लिहिल्यासारखा,
खाली उतरला तरच टिकला.

लाईन आली.
एकशे सहा गाड्या जशाच्या तशा, किलोकिलोनं.
एकशे सातवी कुठंच नाही.
ढवळे खाली उतरला, "असं कसं वो?
मी तं उभाच हाओ काट्यावर!"
भरलेलं वजन झालं होतं, रिकामं व्हायचं होतं.
दोन्ही मिळून एक नोंद.
अर्धी असेल तर मशीन मागं जातं, पुसून टाकतं,
जणू हा माणूस गेटातून आत आलाच नव्हता.
"घ्या मागं," मी म्हटलं, "पहिल्यापासून."

तो मागं घेत होता तेव्हा
शेवंता आत्याचं मनगट आठवलं.
यात्रेत गोंदणारीची सुई चालू होती,
कुणी धावत आलं, म्हणालं, सोयरीक मोडली.
आत्यानं हात ओढून घेतला.
माणिक होता का मारोती, कुणी विचारलं नाही.
हिरवं "मा" तेवढं राहिलं,
साठ वर्षं,
पुसता येत नाही, पुरं करता येत नाही.

पुढं लग्न झालं ते रामाजीशी.
तो म्हणे, "बरोबर तं हाय,
माह्या नावातलं मधलं अक्षर."
आत्या पदर मनगटावर ओढून घेई.

मेटॅडोर पुन्हा चढला. एकतीस चाळीस.
ट्यूबलाईट एकदा मिचकली.
ढवळे गंजीकडं माल खाली करायला गेला,
आणि मी त्याच्या रिकाम्या गाडीची
वाट बघत बसले.