जावक क्रमांक २१४

दरवर्षी नवरात्राच्या आगेमागे
उत्तरेकडून एक लिफाफा यायचा,
दुधी कागदाचा, तिकिटांवर कुठल्याशा राजाचं डोकं.
आवक रजिस्टरात मी लिहायचो : परदेश. गोपनीय. भाषाशास्त्र.
आणि मजमुदार सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचो.
तिकिटं ते मला द्यायचे. मुलीकडे अजून आहेत, सत्तावीस.

आत काय असतं, मी कधी विचारलं नाही.
एकदा चष्मा पुसता पुसता त्यांनीच सांगितलं :
"टिपणीस, जगातलं मोठं बक्षीस कोणाला द्यावं
असं मला विचारतात. मला म्हणजे, माझ्यासारख्या हजारभरांना.
उत्तर एकतीस जानेवारीच्या आत पोचायला हवं,
आणि पन्नास वर्षं कोणी कोणाजवळ बोलायचं नाही."
"पन्नास?"
"म्हणजे आपण दोघं गेल्यावर," ते हसले.
त्यांचा हिशेब निम्मा बरोबर आला.

जावक कारकुनाला मजकूर दिसत नाही, वजन दिसतं.
सरांचं उत्तर दरवर्षी अकरा ग्रॅम भरायचं,
म्हणजे एक कागद, बहुधा कुणीतरी तिकडचंच थोर.
बाहत्तर साली काटा एकोणतीसवर गेला.
मी उचलून पुन्हा ठेवला. एकोणतीस.
सर दारातून म्हणाले, "आज जाईल ना?"
म्हटलं, जाईल.

तारीख होती तेरा जानेवारी.
बडोद्यात राहिलेल्याला पुढचं सांगायला नको.
चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण, सोळाला रविवार,
आणि तेराच्या दुपारीच मी दांडिया बाजारात दोरी पाजून घेत उभा.
लिफाफा ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या खिशात,
आणि मी गच्चीवर, बोटं कापलेली, तोंडात उंधियू,
सबंध पोळभर ऐकू जाईल असा "काप्यो छे!" ओरडत.
सतराला पाठवला. रजिस्टरात सतराच लिहिलं.
मागची तारीख घातली नाही,
माझ्या बाजूनं बोलायला एवढंच आहे.

परवा म्हणजे गेल्या साली नातवानं मोबाईल पुढे धरला.
बाहत्तरची पेटी उघडली होती. मजमुदार त्यात नव्हते.
"पुढचं साल बघ."
"ते अजून बंद आहे, आजोबा."
सत्त्याऐंशीव्या वर्षी आणखी एक वर्ष थांबणं काय असतं,
ते नियम करणाऱ्यांना विचारा.

थांबलो. मिळालं, चार ओळींत :
सुचवणार मजमुदार, बडोदा.
पोचले दोन फेब्रुवारीस, सबब पुढील वर्षात धरावे.
नाव रत्नप्रभा दिघे, सलाटवाडा.
उमेदवार निधन पावल्याचे सुचवणाराने कळवले. विचारार्थ नाही.

ते कळवणारं पत्र मीच पाठवलं असणार.
अकरा ग्रॅम. त्याच दिवशी. वेळेत.

दिघेबाई!
दूध केंद्रावर पहाटे माझ्यापुढे उभ्या असायच्या,
मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या,
बाटली उजेडात धरून माप कमी आहे म्हणून भांडायच्या.
पुस्तकं दोन, पदरमोड करून काढलेली, हे मला आता कळतंय.
मला ठाऊक होतं ते एवढंच, की एकदा सुटे नव्हते
तेव्हा त्यांनी आठ आणे दिले, "उद्या द्या हो" म्हणून,
आणि मी ते दिले की नाही, आठवत नाही.

बक्षीस मिळालं असतं, असं मी म्हणत नाही.
तिकडे शंभर नावं, अठरा खुर्च्या, त्यांचे आपापसांतले रुसवे.
पण बर्फातल्या एखाद्या खोलीत
कुणीतरी मोठ्यानं वाचलं असतं, "सालात्वादा",
आणि क्षणभर थांबून विचारलं असतं, हे कुठं आलं?

काल वाचनालयातून त्यांचं एक पुस्तक आणवलं.
शेवटचा शिक्का शहात्तरचा. पानं कोपऱ्यांशी अजून जोडलेली.
सवयीनं आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं.
एकशे चौदा ग्रॅम.
मग सुनेकडे सुरी मागितली, पानं कापायला.