मोजपट्टी

बाबा गेले त्या वर्षी पट्टीवर
चार बोटं ओल तरी होती.
आता मी जाते. सकाळी सात, संध्याकाळी सात.
शून्याच्याही खाली दीड हात
उघडा पडलाय खांबाचा लोखंडी पाय,
त्यावर शिंपल्यांचे वाळके चट्टे.
वहीत लिहिते: शून्य.
सही. तारीख. वाऱ्याची दिशा.
दिशा लिहायची खरं तर गरज नाही.
एकशेवीस दिवस तो एकीकडूनच येतो
आणि हामूनचा तळ उचलून आणतो
आमच्या पिठात, पापण्यांत,
आईच्या छातीच्या एक्स-रेत.

हामून म्हणजे आमचं सरोवर.
आजोबा त्यात लव्हाळ्याची नाव घालायचे.
हंगाम संपता संपता ती कुजायची,
पुन्हा नवी बांधायची.
नाव रेटायचा त्यांचा लांब दांडा
आता अंगणात वाळत्या कपड्यांखाली वाकतो.

पलीकडच्या काठावर दुसरा देश.
तिथेही एक पट्टी, तिथेही एक वही,
आणि शेहदाद, एका डोळ्यात मोतीबिंदू.
पाणी होतं तेव्हा तो हात वर करून
बोटं दाखवायचा. बाबाही दाखवायचे.
दोन्हीकडचे आकडे जुळावेत असं वरून ठरलेलं.
कधी जुळले नाहीत.
साहेब म्हणत, कुठंतरी पाणी मुरतंय, बरातअली.
बाबा म्हणत, मुरतंय ना साहेब. वाळूत.

एकोणतीस वर्षं दोघं बोलले ते बोटांनी.

कुंपणं दोन्हीकडे आमच्या पाठीमागे.
नोकरीपुरते आम्ही दोघंच नदीच्या बाजूला.
सरहद्द प्रवाहाच्या मधोमध, असं कागदावर आहे.
प्रवाह नाही, तर मधोमध कुठली?
परवा सकाळी तो तडे गेलेल्या गाळावरून
थर्मास घेऊन चालत आला
आणि जिथे मध असावा तिथे उकिडवा बसला.
मनोऱ्यातला शिपाई बघत असेल, किंवा पेंगत असेल.
मी गेले.

चहा टँकरच्या पाण्याचा. खारट. वर वेलदोडा.
त्यानं पहिलं विचारलं ते हे:
तुझ्या बापाचा आवाज कसा होता?
मी म्हटलं, घोगरा. बोलण्याआधी खाकरायचे.
तो मान हलवत राहिला. म्हणाला,
मी बारीक समजत होतो. सडपातळ होता ना.

मग वह्या उघडल्या.
तुझं किती?
शून्य.
माझंही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा जुळलं, म्हणून
आम्ही हसलो. हसताना तोंडात माती गेली.
दूर तिकडे राजधान्या एकमेकींना पाण्यात पाहतात,
पाणी नसलं तरी.

पाणी तेव्हाच आलं. आधी वास,
मग गवताचा भुसा, एक रबरी चप्पल,
तोंडाला फेस आणलेली तपकिरी जीभ.
वरचा कुठला दरवाजा कुणी उघडला,
किती वेळ उघडा राहणार, कुणी सांगितलं नाही.
घोट्याला लागलं तसा तो तिकडे पळाला, मी इकडे.
गावात पोरं ओरडत सुटली,
बायका हंडे नाही, नुसत्या ओंजळी घेऊन धावल्या.
मी काठावर उभी राहून रडले, हे खरं.
कशासाठी, ते विचारू नका.

आज सकाळी सात.
मला अकरा दिसतात.
पलीकडून त्यानं हात वर केले, बोटं उघडली.
नऊ.
मी दहा बोटं दाखवली, मुठी मिटल्या, मग आणखी एक.
त्यानं पुन्हा नऊच दाखवली.
डोळ्याचा दोष असेल. किंवा त्याच्या काठाचा. किंवा माझ्या.

त्याचा काचेचा पेला माझ्याकडे राहिलाय.
विसळत नाही. कोरड्या फडक्यानं पुसून
फडताळात ठेवते.
पाणी टिकू दे, म्हणते रात्री, मनापासून म्हणते,
आणि पेल्याकडे पाहायचं टाळते.

नोंद: अकरा.
वारा: तोच.